निरोप्या नावाचं गलबत

"अगं आई गं! मेले!"

सिस्टर एका पायावर उड्या मारत भिंतीला टेकल्या. टाचेत काहीतरी टोकदार रुतलं होतं. उपटून उजेडात धरलं, तर नखाएवढा तपकिरी प्लॅस्टिकचा ठोकळा.

"सापडला का?" टेबलाखालून नवऱ्याचा आवाज आला. "बरं झालं बाई. सकाळपासून तोच शोधतोय."

"टाच फुटली माझी, आणि म्हणे बरं झालं!"

"तसं नव्हे गं. सुकाणूचा आहे तो. त्याच्यावाचून सगळं अडलं होतं."

टेबलाखालून आधी टक्कल बाहेर आलं, मग चष्मा, मग धुळीने माखलेले गुडघे. चौसष्ट वर्षांचा बाप्या! या वयात लोकांची गुडघेदुखी सुरू होते, याचं रांगणं सुरू झालं होतं. सिस्टरांनी ठोकळा त्याच्या तळहातावर आपटला आणि लंगडत स्वयंपाकघरात गेल्या.

चौतीस वर्षं सिस्टरांनी इस्पितळ चालवलं होतं. पगार परिचारिकेचा असला तरी चालवलं त्यांनीच. त्या वॉर्डात शिरल्या की नवे डॉक्टर खिशातले हात बाहेर काढत. आणि घरी हे ध्यान! पाणीपुरवठा कचेरीत एकतीस वर्षं बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर घालत बसलेलं. आवक नव्हे, जावक. आलेलं पत्र निदान फोडता तरी येतं, याच्या वाट्याला आली ती दुसऱ्यांनी लिहून चिकटवलेली पाकिटं. पत्र हातात दिलं की समोरच्याकडून सही घेतल्याशिवाय हलायचा नाही, म्हणून सगळी कचेरी त्याला पोचपावती म्हणायची. त्याला ते आवडायचंसुद्धा. आवडणारच, दुसरं कोण काय म्हणणार होतं त्याला?

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, भांडतात, निवडणुकीवर बोलतात. याने पोरांचे ठोकळे आणले. वर्षभर खपून वीतभर लांबीचं लढाऊ गलबत बांधलं. दोन डोलकाठ्या, कागदाची शिडं, दोन्ही बाजूंना सात-सात भोकं. बरं, नुसतं बांधून गप्प बसावं की नाही? नाही. त्या गलबताचा इतिहास लिहिला. जे गलबत कधी नव्हतं, त्याची सनावळी! नाव काय, तर निरोप्या.

"वाचतेस का?" त्याने तीनदा वही पुढे केली होती.

"मला नाही बाई वेळ असली थापेबाजी वाचायला," सिस्टरांनी तीनदा ती परत केली होती.

आज त्या गलबताचं प्रदर्शन होतं. गावात असल्या रिकामटेकड्यांचं एक मंडळ होतं आणि दातांचा एक डॉक्टर त्याचा अध्यक्ष होता. मंडळाचा नियम असा, की प्रत्येक जहाजाबरोबर त्याचा मनाने रचलेला इतिहास एका कार्डावर लिहून ठेवायचा. पहिलं येणारं जहाज कार्डासकट वर्षभर वाचनालयाच्या दाराशी काचेच्या कपाटात राहणार होतं.

"बक्षीस नको गं मला," काल जेवताना तो म्हणाला होता. "पण येणारं-जाणारं माणूस उभं राहून वाचेल. माझं लिहिलेलं आजवर कोणी वाचलं नाही. आकडे सोडले तर मी लिहिलंय तरी काय म्हणा!"

सिस्टर "हं" म्हणाल्या होत्या. मनात मात्र म्हणाल्या, वा रे महत्त्वाकांक्षा.

तो आंघोळीला गेल्यावर गलबत बांधून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. बांधाबांध करावी तर सिस्टरांनीच. कापसाची घडी, वर मलमल, मग बुटांचं खोकं. उचलताना त्यांची नजर त्या भोकांवर गेली. चौदाच्या चौदा रिकामी! आणि शेजारच्या ताटलीत काळ्या इवल्या तोफांची पुडी तशीच, उघडलेलीसुद्धा नाही.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. वर्षभर डोळे फोडून बसला आणि लढाऊ गलबताला तोफा लावायला विसरला! असा माणूस. चारचौघांत हसं झालं असतं, आणि हसं झालं की लोक बायकोकडेच बघतात. सांगायला जावं तर पुन्हा तासभर टेबलाखाली रांगत बसेल. त्यांनी पुडी फोडली. मुलांच्या नसा शोधून सुई घालणारी ती बोटं, चौदा तोफा बसवायला त्यांना चार मिनिटं लागली. मलमल गुंडाळून त्या मोकळ्या झाल्या. घरात एकाला तरी डोकं असावं लागतं.

वाचनालयाच्या सभागृहात हे एवढे बाप्ये आपापली जहाजं कुरवाळत उभे होते. कोणी शिडावर फुंकर घालतोय, कोणी भिंगातून बघतोय. सिस्टरांना वाटलं, सगळ्यांना ओळीने एनिमा द्यावा.

नवरा नाव नोंदवायला रांगेत उभा राहिला. जाताना म्हणाला, "तेवढं बारा नंबरच्या टेबलावर ठेवशील? आणि कार्ड समोर." सिस्टरांनी ठेवलं. मग घंटा झाली. घंटा झाली की जहाजाला कोणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. तसा फलकच होता.

तो रांगेतून परत आला आणि टेबलापासून चार पावलांवर थबकला. बघतच राहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"काय झालं?" सिस्टर म्हणाल्या. "छान दिसतंय की आता."

त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या बोटांकडे. सिस्टरांना त्याचं हे गप्प बसणं पाठ होतं, आणि त्याचीच त्यांना शिसारी होती.

एकदा पाणी बंद ठेवायची नोटीस साहेबाच्या खणात चार दिवस पडून राहिली. अर्ध्या गावाचं पाणी न कळवता गेलं, चौकशी लागली, आणि हा उभा राहून म्हणाला, माझी चूक. बढती गेली ती गेलीच. "तोंड नाही का तुम्हाला?" सिस्टर ओरडल्या होत्या. तर म्हणे, "त्या आठवड्यात साहेबाच्या आईचं ऑपरेशन होतं गं, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं." बावीस वर्षं झाली त्याला. त्या दिवसापासून सिस्टरांच्या मनातून जो उतरला, तो परत चढलाच नाही.

दातांचा डॉक्टर वही घेऊन आला. गलबताभोवती दोनदा फिरला, पुढच्या निमुळत्या टोकाशी वाकला. "वा! काय नाळ काढलीय! काका, हे आजचं पहिलं, मी आत्ताच सांगतो." मग कार्ड उचलून मोठ्याने वाचायला लागला.

"निरोप्या. चौदा तोफांचं गलबत. युद्ध सुरू झालं तेव्हा बेटांवरच्या शिपायांना घरची पत्रं मिळेनात. कप्तानाने चौदाही तोफा किनाऱ्यावर उतरवल्या आणि त्या जागी टपालाच्या थैल्या रचल्या. नऊ वर्षांत निरोप्याने एकही गोळा डागला नाही. एकही पत्र गहाळ झालं नाही. जहाजावर एक परिचारिका होती. तिच्या तोंडाला कप्तानही भीत असे. तिच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही."

सिस्टरांची नजर तोफांवर गेली.

"पण काका," डॉक्टर कार्डावरून वर बघत म्हणाला, "तोफा उतरवल्या म्हणता, आणि इथे तर चौदाच्या चौदा आहेत! सगळी कथाच तोफा नसण्याची, आणि नेमक्या त्याच लावून ठेवल्यात?"

आजूबाजूचे दोघे-चौघे हसले.

"कथा आणि जहाज जुळायलाच हवं. पहिला नियम आहे आपला. हे असं झालं तरी कसं?"

आता बोलायचं होतं. बोलायला किती लागतं? मी लावल्या, यांना माहीतही नाही, एवढंच. चाळीस खाटांच्या वॉर्डात या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल असा सिस्टरांचा आवाज. त्यांनी तोंड उघडलं. सगळे बाप्ये त्यांच्याकडे बघायला लागले. मग का लावल्यात, असं कोणी विचारलं तर? वर्षभर घरात असलेली चार पानं वाचली नाहीत, हे या लोकांसमोर सांगायचं?

"माझी चूक," नवरा म्हणाला.

सिस्टरांचं तोंड मिटलं.

"वयोमानाने होतं असं," डॉक्टर म्हणाला आणि वहीत बारा नंबरावर रेघ मारली. "काकू, जरा बाजूला होता का? तेरा नंबर बघायचंय."

सिस्टर बाजूला झाल्या.

दुपारच्या बसला गर्दी नव्हती. तो खिडकीशी बसला, मांडीवर उघडं खोकं. तीन थांबे गेले.

"मी लावल्या त्या," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, विसरलात."

"हो. तुला कुठे माहीत होतं?"

टोमणा असता तर सिस्टरांनी परतवला असता. नव्हता. त्याने ते साधंच म्हटलं होतं, म्हणून त्या बाहेर बघत बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता.

त्याने नखाने एक तोफ हळूच सोडवली आणि ठेवायला जागा शोधायला लागला. सिस्टरांनी हात पुढे केला. तो एकेक तोफ काढत गेला, त्यांच्या तळहातावर ठेवत गेला. बस खड्ड्यांतून चालली होती. सिस्टरांनी दुसरा हात खाली लावला आणि ओंजळ छातीशी धरली. उतरायचा थांबा आला तेव्हा दांडी पकडायला हात रिकामा नव्हता. त्याने त्यांचा दंड धरला, आणि आज त्यांनी तो झटकला नाही.