मितेशचा बास

कमळाकरचं पावणे गावात गाड्यांचे स्टिरिओ बसवायचं दुकान. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून एका गाडीची वायर जळाली असेल तर शपथ! कारण नियम एकच, वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. पुढचं सगळं त्यानंतर.

आज मात्र गाडी त्याच्या स्वतःच्या मुलाची होती आणि बॅटरीला हात लावायचा नव्हता. मितेश गेल्या दिवाळीत महाप्याला बाईकवरून पडला तो गेलाच. बहिणीच्या हळदीला वाजवायचा म्हणून त्यानं हौसेनं आणलेला अॅम्प्लिफायर खोक्यातच राहिला. उद्या उन्नतीची हळद. आगऱ्यांची हळद, म्हणजे सगळी आळी नाचणार. विमलबाईनं नवऱ्याला एवढंच मागितलं होतं, "पोराचा अॅम्प बसवा. भाऊ हाय असं वाटंल तिला."

पण गाडीतला स्टिरिओ कंपनीचा, जुना. बॅटरी सुटली की सगळं विसरणारा. त्यात मितेशनं लावलेला आवाज होता, बास, ट्रेबल, मागचे स्पीकर किती वाजवायचे ते सगळं. विमलबाई रोज संध्याकाळी गाडीत बसून तो ऐकायची. पोराच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

"विमल, टेन्शन नको घेऊ," कमळाकर म्हणाला होता. "बॅटरी नाय काढत. अॅम्पचा फ्यूज शेवटी लावीन, मग काय डर नाय."

काम तसं चाललंही छान. या स्टिरिओला अॅम्पसाठी वेगळी जागा नाही, म्हणून त्यानं मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज घेतला, मध्ये तो अॅम्पला झेपेल असा करणारा कन्व्हर्टर जोडला. फक्त बॅटरीपासून जाड लाल वायर ओढायची राहिली. तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन आला. किती खुर्च्या, जनरेटर कुठं ठेवू, नसत्या पन्नास चौकशा! कमळाकर वैतागून बोलत राहिला, बोलता बोलता त्यानं दहाचा पाना उचलला.

फोन ठेवला तेव्हा निगेटिव्ह वायर त्याच्या डाव्या हातात होती.

काय म्हणावं या हाताला! पंचवीस वर्षं त्यानं मान मिळवून दिला आणि नेमक्या आजच्या दिवशी घात केला. कमळाकरनं वायर पुन्हा टेकवली, धावत जाऊन स्टिरिओ लावला. स्टिरिओचं घड्याळ परत बारावर. बास शून्य, ट्रेबल शून्य.

बरं, आकडे तरी आठवावेत? तो कधी बघायचाच नाही. पोराच्या गाडीत बसला की आधी आवाज कमी करायचा. "गाडी हाय का डीजे रे?" मितेश हसायचा आणि बाप उतरला की पुन्हा वाढवायचा. एकदा नीट ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यानं उरलेलं काम पुरं केलं, फ्यूज लावला आणि गाडी घरी आणली. विमलबाई शेजारी येऊन बसली. त्यानं काही लपवलं नाही. "माझ्याच हातानं गेला गं," म्हणाला आणि रडू लागला.

ती ओरडली नाही. तिनं बटणाकडे बोट केलं. "वाढवा." त्यानं वाढवला. "आनखी." आणखी वाढवला. "नाय... असा नव्हता. मागून यायचा. पाठीला लागायचा." अर्धा तास दोघं ते बटण फिरवत बसले. कधी जवळ आल्यासारखा वाटे, कधी लांब जाई. शेवटी विमलबाईनं डोळे पुसले. "राहू दे. आता मलाच नाय आठवत."

तेवढ्यात उन्नती घरातून पळत आली, मेंदीचे दोन्ही हात वर धरून. "आई! दादाचा बास! पार मोरीपर्यंत ऐकू आला!" मेंदी मोडू नये म्हणून तिनं कोपरंच गाडीच्या दाराला टेकवली आणि गाल काचेला लावला. "सेम तोच हाय ना, बाबा?"

विमलबाईनं पदर तोंडात कोंबला.

"हो गं बाय, त्याचाच," कमळाकर म्हणाला. आणि ज्या आवाजावरून पोराला इतकी वर्षं बोल लावले, तो त्यानं आणखी वाढवला, आईचं रडणं पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.