नऊ तास चाळीस मिनिटं

मुलीने फोनवर सांगितलं होतं, "साडेसात हजार किलोमीटर बाबा, पण नऊ तास चाळीस मिनिटांत पोहोचाल." तिचे दिवस भरत आले होते. मास्तरांनी दोनदा गुडघ्याचं कारण पुढे केलं. तिसऱ्यांदा ती एवढंच म्हणाली, "आई असती तर आली असती." ते वाक्य मास्तरांना सुईसारखं टोचलं.

मास्तर म्हणजे शिंपी. किलोमीटरशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी मुलीचा शाळेतला पृथ्वीचा गोल काढला आणि टेप लावून पाहिला. ताणून धरल्यावर टेप थेट वर, बर्फाच्या बाजूला सरकला. गोल खांद्यावर माप घेताना असंच होतं, हे त्यांना पटलं. अंतर भरलं नऊ इंच.

"एवढंच?" शेजारचा न्हावी म्हणाला. "अर्ध्या बाहीसाठी लेकीला ताटकळत ठेवलंत?"

"अंतराचं नाही रे. इतका वेळ एका जागी बसवेल का मला?"

"चाळीस वर्षं मशीनवर काय उभे होतात?"

"तिथे मनात आलं की उठता येतं."

म्हणून मास्तरांनी आधी ट्रायल घ्यायचं ठरवलं. कच्च्या टाक्यांवर अंगात घालून पाहिल्याशिवाय ते कुणाचा कोट पक्का करत नसत, मग स्वतःचा प्रवास कसा करणार? सकाळी आठला दुकानाचं दार ओढून घेतलं, कोट चढवला, लाकडी खुर्चीत बसून टेप कमरेला पट्ट्यासारखा बांधला. न्हाव्याने दोनदा चहा आणून दिला आणि विमानातली बाई बोलेल तसं मंजुळ बोलूनही दाखवलं. म्हातारचळ म्हणा हवं तर, पण दोघंही अगदी गंभीर होते.

पहिली पँट शिवून होईल एवढा वेळ गुडघा कुरकुरला. दुसऱ्या पँटीला गप्प झाला. तिसऱ्या पँटीच्या सुमारास दुकान हलकं झालं. कापडाचे तागे ढगांसारखे सरकू लागले, फरशीच्या जागी निळं पाणी आलं. शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती. त्यांना हल्ली दिसत नाही म्हणून ती सुईत दोरा ओवून देत होती. "किती राहिलं हो?" तिने विचारलं. मास्तरांना वाटलं, कधीच संपू नये. इतकं सुख त्यांना तीन वर्षांत मिळालं नव्हतं.

"उतरलं विमान!" सहाला वीस कमी असताना न्हाव्याने दार वाजवलं, आणि तो गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणून परत गेला.

मास्तर उठले. गुडघा शाबूत होता. त्यांनी कोट नीट केला, दार उघडलं आणि बाहेर पाहिलं. लोक आपापल्या घाईत चालले होते. एवढे साडेसात हजार किलोमीटर आले, पण घ्यायला कुणीच नव्हतं. त्यांनी तिथेच उंबऱ्यावर बसून मुलीला फोन लावला.

"विमानतळावर घ्यायला कोण येईल गं?"

पलीकडून "मी येईन, बाबा" म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

"अजिबात नको," मास्तर दरडावून म्हणाले. "असल्या अवस्थेत धक्के खात येऊ नकोस. जावईबापूंना पाठव. तू घरीच थांब, मी येतोय."