उशाखालचं लोखंड

लोकल बोर्डाला त्या वर्षी अचानक पिस्तूल आठवलं. झालं असं, की हातखंब्याच्या उतारावर कोणी कोयतेवाल्यांनी आधीच्या नर्सबाईंची बैलगाडी अडवली आणि औषधांची पेटी पळवली. त्या औषधांचं त्यांनी काय केलं, ते देव जाणे. पण बोर्डात ठराव झाला, की अडल्या वेळी धावून जाणाऱ्या नोकरांना हत्यार हवं. डॉक्टर म्हणाले, मला माझी छत्री पुरे. आगीच्या बंबावरच्या माणसाने, आगीवर गोळी चालत नाही, असं सांगून अंग काढून घेतलं. उरल्या बोर्डाच्या नव्या नर्स उमाबाई. नवरा गेल्यावर पुण्याला जाऊन बाळंतपणाचं शिकून आलेल्या, सासर आणि माहेर दोन्हीकडून तुटलेल्या. ही नोकरी गेली असती तर पाठ टेकायला जागा नव्हती. त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि पिस्तूल त्यांच्या गळ्यात पडलं.

परवान्याच्या अटी चिंतामणी कारकुनाने वाचून दाखवल्या. हा गृहस्थ सरकारी कागद आरतीसारखा वाचायचा, अर्थाशी त्याचा संबंध नसायचा.

"हत्यार झाकून बाळगावे, लोकांच्या नजरेस पडू देऊ नये. अंमलदाराने विचारल्यास तात्काळ दाखवावे. अंगावेगळे करू नये. रोग्याच्या खोलीत नेऊ नये. गोळ्या निराळ्या ठेवाव्यात."

"खोलीत न्यायचं नाही आणि अंगावेगळंही करायचं नाही," उमाबाई म्हणाल्या, "मग बाळंतिणीच्या दाराशी मी काय करू?"

चिंतामणीने कागद उलटा करून पाहिला. "ते इथे दिलेलं नाही."

"आणि गोळ्या निराळ्या, तर चोराला थांब म्हणायचं का, मी शोधते म्हणून?"

"तेही दिलेलं नाही, बाई. तुम्ही सही करा."

उमाबाईंनी सही केली. पिस्तूल फलाणीच्या जुन्या कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातलं, गोळ्या लुगड्याच्या ओच्यात खोवल्या. बाळंतपणाला जावं तर जिवाला घोर पिस्तुलाचा. पेटी आत न्यावी तर नियम मोडतो, बाहेर ठेवावी तरी मोडतो. ज्याने ह्या अटी लिहिल्या, त्याच्या घरी कधी पाळणा हलला नसावा, असं त्यांना वाटे.

माघ महिन्यात जनीचं बोलावणं आलं. हातखंब्याच्या पलीकडच्या वाडीतली कुणब्याची सून. तिची आधीची दोन मुलं सातव्या महिन्यातच पोटात गेलेली. वाडीत म्हणत, सटवी नेते. नवरा केरू मुंबईला गिरणीत होता, सणासुदीला तेवढा घरी यायचा; गिरणी बंद पडली म्हणून दिवाळीपासून घरी बसलेला. सासू सोनूबाई जुन्या हाडाची, पण नर्सबाईंना बोलावण्याइतकी शहाणी.

भर दुपारी जनीची सुटका झाली. मुलगी, चांगली रडकी, तांबूस. नाळ कापून, मुलीला पुसून, जनीची पाठ शेकताना उमाबाईंना एक जुना काळानिळा डाग दिसला. हे काय, असं विचारलं, तर जनी म्हणाली, "इरीवर पडलंय, बाय." उमाबाईंनी ऐकलं आणि पुढच्या कामाला लागल्या. पेटी भरायला बसल्या तेव्हा हात तळाला गेला आणि तिथेच चाचपडत राहिला. फलाणीची गुंडाळी नव्हती.

"काय बघताव?" सोनूबाई म्हणाली. "ता लोखांड व्हय? ता मी उशाखाली घातलंय. घरातलं सगलं कोयते राबाची कवळ तोडाया गेलेत. बालंतिणीच्या उशाला लोखांड नको काय? बायच्या पेटीतलं म्हणजे दुप्पट गुणाचं."

उमाबाई उशाकडे वळल्या. "अहो, ते मला लागतं. दुसरं काही घाला."

"आता सटवी पुजल्याबिगर हलायचं नाय ता. सहाव्या दिशी घेवन जावा." सोनूबाईचा आवाज खाली आला. "दोन गेलीत, बाय."

काय सांगायचं? पिस्तूल आहे म्हणावं तर झाकण्याची अट मोडते आणि म्हातारी किंचाळते ती वेगळीच. ओढून घ्यावं आणि उद्या पोरीला साधी सर्दी झाली, तर ह्या वाडीत पुन्हा कोणी नर्स बोलावणार नाही. जनीने तर हात उशाखाली घालून गुंडाळी घट्ट धरली होती. शेवटी उमाबाई तशाच गाडीत बसल्या. नोकरी मागे उशाखाली राहिली, असंच त्यांना वाटत होतं.

नाक्यावर महिपत जमादार आडवा आला. बोर्डाचं पिस्तूल बघायची त्याला पहिल्यापासून हौस होती.

"काय बाई, हत्यार जवळ आहे ना?"

"झाकलेलं आहे," उमाबाईंच्या तोंडून निघालं. खोटं नव्हतं ते.

जमादाराने त्यांना खालपासून वर पाहिलं, मग एकदम ओशाळून झाडाकडे बघितलं. दाखवा म्हणायचा त्याला अधिकार होता, पण कुठे झाकलंय हे बाईमाणसाला विचारायचं कसं? "दिसत नाही म्हणजे नियमात आहे," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

उमाबाईंना ते दिवस फार जड गेले. दारात कोणी खाकरलं तरी त्या पेटी खाटेखाली सरकवत. सहाव्या दिवशी त्या उन्हं चढायच्या आत वाडीवर हजर झाल्या. सोनूबाई सटवीच्या पूजेला पाणी आणायला विहिरीवर गेली होती. जनी मुलीला घेऊन बसलेली, गुंडाळी उशाखाली तशीच.

"बाय," जनी म्हणाली, "ह्यां आनी थोडं दिस ठेवशीला?"

"का गं? सटवी तर आज येऊन जाईल."

जनीने दाराकडे पाहिलं. "आधीची दोन सटवीनं नाय नेली. पोटावर लाथ बसली का काय ऱ्हातं? तुमी गेलाव त्या सांच्याला तो पिवन आला. पोरगी झाली म्हनून हात उगारलान. माझा हात उशाखाली होता. मी सोडवून बघितलं तवा कलला काय हाय ता. धरलं त्येच्या म्होरं. तवापास्नं तो हुंबऱ्याच्या आत आला नाय."

उमाबाई तिच्याजवळ बसल्या. तो डाग त्यांनी बघितला होता, आणि विहीर खरी मानली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि रागही आला. उतारावरच्या चोरांसाठी सरकारने पिस्तूल दिलं, आणि चोर इथे घरात जेवत होता. त्याच्यासाठी कोणती अट होती? पिस्तूल सोडून जावं तर नोकरी जाते, शिवाय ते पोरीच्या घरात, रिकामं का होईना, पिस्तूलच. न्यावं तर आज रात्रीच हात उगारला जाईल. चिंतामणीला विचारलं असतं तर म्हणाला असता, ते इथे दिलेलं नाही.

अंगणात नांगराचा मोडका फाळ पडला होता. उमाबाई उठल्या, तो उचलून आत आणला. पिस्तूल कमरेला खोचलं, पदर ओढला. फाळ त्याच फलाणीत गुंडाळून, दोरीने दोन गाठी जास्त मारून, जनीच्या उशाखाली सरकवला.

"आता सोडायचं नाही. दाखवायचं तर मुळीच नाही. हात तेवढा उशाखाली घालायचा."

जनीने गुंडाळी चाचपली. मग पहिल्यांदाच थोडंसं हसली.

तेवढ्यात केरू उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. माणूस धिप्पाड, पण नजर उशीवर खिळलेली. "बाय," तो हळूच म्हणाला, "ता आज न्येनार होताव ना?"

"नाही. सरकारी नियम आहे. झाकून ठेवायचं, कोणाला दाखवायचं नाही. मी दर आठवड्याला येऊन बघून जाईन."

केरूने उंबऱ्यावर ठेवलेला पाय मागे घेतला.

परतताना नाक्यावर महिपतने पुन्हा विचारलं, आहे ना जवळ? ह्या वेळी उमाबाईंनी पदर थोडा सारून पिस्तुलाची मूठ दाखवली. जमादार घाबराघुबरा होऊन म्हणाला, झाका, झाका. गाडी पुढे निघाली. ते कमरेचं धूड त्यांना घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं, पण हे आणि उशाखालचं, दोन्हींतलं खरं हत्यार कुठलं, हे कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.