त्या रात्रीचा फोटो

"लालच टॉर्च लाव हं, पांढरी नको," सत्यजित म्हणाला आणि वाळूत तिपाई रोवू लागला.

अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून उज्ज्वलने लाल टॉर्च लावली. शिकव बाबा, मलाच शिकव, असं तो मनात म्हणाला. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थाला तिपाई उघडता येत नव्हती.

बर्लिनपासून दीड तासावर लीबरोझेचं हे वाळवंट. जर्मनीत वाळवंट म्हटलं की लोक हसतात, पण रशियन रणगाड्यांनी ही जमीन अशी काही चाळून काढली होती की रणगाडे जाऊन वीस वर्षं झाली तरी तिथे धड गवत उगवत नव्हतं. पायवाट सोडू नका, जमिनीत दारूगोळा आहे, अशा पाट्या जागोजागी होत्या. वायव्येला बर्लिनचा नारिंगी उजेड क्षितिजावर चढलेला असायचा. त्याच्याकडे पाठ करून दक्षिणेला कॅमेरा लावला, तर मात्र आकाशगंगा उभी सापडायची. ही जागा उज्ज्वल मेश्रामने शोधली होती. आठवडाभर कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचे आणि अमावास्येच्या आसपास इथे यायचं, एवढाच काय तो त्याचा शौक.

2014च्या ऑगस्टमध्ये त्याने इथेच तो फोटो काढला. वाळलेलं एकटं पाइनचं झाड आणि त्याच्या शेंड्यातून वर निघालेली आकाशगंगा. इथे फोनला रेंज नसते. पहाटे हमरस्त्याला लागल्यावर नागपूरच्या भावाचे मिस्ड कॉल एकामागून एक उतरले. आई, गयाबाई, रात्रीच गेली होती. शेवटपर्यंत विचारत होती, "उज्ज्वलचा फोन लागला का रे?"

तो फोटो उज्ज्वलने कुणाला दाखवला नाही. एकदाच, सत्यजित घरी जेवायला आला असताना दाखवला. सत्यजितला तो फार आवडला. "पाठव ना मला, नुसता बघायला," म्हणाला. उज्ज्वलने पाठवला.

पुढच्या जानेवारीत तो बर्लिनच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरवर आला. पहिल्याच पानावर. खाली नाव, सत्यजित गोखले.

"अरे, मेंबरांचेच फोटो घ्यायचे असा नियम होता," सत्यजित फोनवर म्हणाला होता. "तू कुठे मेंबर आहेस? आल्झो, म्हणजे, तुझा फोटो चार लोकांनी बघितला तरी."

उज्ज्वल मेंबर नव्हता हे खरं. मंडळाचं वर्ष गणपतीपासून सुरू व्हायचं आणि सत्यनारायणाला संपायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी हॉल मागितला, तेव्हा "बघू" असं उत्तर आलं आणि ते बघणं अजून चालूच होतं. त्याने फोन ठेवून दिला. राग मात्र जपून ठेवला. लोक लोणचं मुरवतात तसा त्याने तो मुरवला.

आणि मग एक दिवस सत्यजितच त्याच्या दारात आला. कॅलेंडर बघून एका जर्मन गॅलरीने त्याला प्रदर्शनात घेतलं होतं. याच जागेचा आणखी एक फोटो हवा होता, सोमवारपर्यंत.

"मला ती जागा दाखव ना," सत्यजित म्हणाला. "प्लीज. नाहीतर माझी पार नाचक्की होईल."

"जाऊ की शनिवारी," उज्ज्वल गोड आवाजात म्हणाला. त्याच क्षणी त्याचं ठरलं होतं.

आता सगळं त्याच्या मनासारखं जमलं होतं. गाडी त्याने मुद्दाम कॅमेरा आणि झाडाकडे तोंड करून लावली होती. रविवारपासून आठवडाभर ढगांचा अंदाज होता, म्हणजे हाती ही एकच रात्र. कॅमेऱ्याचा पडदा उघडला की कितीतरी मिनिटं उघडाच राहणार होता, आणि आकाशगंगा झाडाच्या शेंड्यावर थोडाच वेळ टिकणार होती. तेवढ्यात पांढरा उजेड पडला की संपलं.

"गेनाऊ, बरोब्बर," सत्यजित कुजबुजला. "सुरू केला बघ."

"थंडी वाजतेय. मी गाडीत बसतो," उज्ज्वल म्हणाला.

तो आत बसला. हेडलाइटच्या बटणावर बोट ठेवलं. आणि ऐनवेळी त्याचा हात अडला. दोघं नवे नवे बर्लिनला आले तेव्हा याच सत्यजितने त्याला महिनाभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. उगाच आठवलं त्याला ते.

सत्यजित गाडीजवळ आला आणि खिडकीत वाकला. "एक विचारू? तो फोटो तुझी आई गेली त्याच रात्रीचा ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तारीख होती ना फाइलवर. तेव्हाच लक्षात आलं माझ्या." त्याने खांदे उडवले. "म्हटलं, तुला तरी कुठे बघवणार तो. माझ्याकडे बरा."

उज्ज्वलने बटण दाबलं.

वाळू, झाड, तिपाई, सगळं पांढरंफटक झालं. सत्यजित डोळ्यांवर हात घेऊन मागे सरला.

"बंद कर. अरे, फोटो गेला."

"जाऊ दे."

"मुद्दाम केलंस?"

"हो. मुद्दाम." उज्ज्वल खाली उतरला. नागपूर सोडल्यापासून गिळलेली बोली तोंडात आली. "माही माय मरत होती बे. मी इथं उभा होतो. तो फोटो तुह्या बापाचा नोहे."

सत्यजितने तिपाईकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी मी काय सांगू त्यांना?"

"कोणाचा आहे ते सांग. आडनावासकट."

उज्ज्वलने हात आत घालून दिवे विझवले. दोन वर्षं थांबला होता तो या क्षणासाठी. आता गार वाटेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने वर पाहिलं. त्या रात्री आकाश जिथे होतं तिथेच असणार, पण इतक्या उजेडानंतर डोळ्यांना एकही तारा दिसेना. दिसत होता तो फक्त दूरवरचा बर्लिनचा नारिंगी उजेड. सत्यजित अंधारात चाचपडत तिपाई मिटत होता. उज्ज्वल मान वर करून तसाच उभा राहिला.