एकटीला ठेवू नकोस

अहिल्या जन्मली तेव्हापासून परदेशातल्या, नेपरव्हिलच्या त्या दोन खोल्यांत कुणाला धड झोप नव्हती. पोटात वारा धरतो, तीन महिन्यांत आपोआप थांबेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. यामिनीची आई बाळंतपणाला यायची होती; पण नागपुरात न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि तिकीट कॅन्सल करावं लागलं. आता काय ते यामिनी आणि तिचा नवरा सत्यजित, या दोघांनीच निभावायचं होतं.

रात्रभर सत्यजित पोरीला खांद्यावर टाकून येरझारा घालायचा, बेंबीभोवती हिंग लावायचा, व्हॅक्यूम क्लीनर सुरू ठेवायचा. त्या घरघरीनं ती क्षणभर गप्प व्हायची. उजाडलं की शॉमबर्गला ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत गाडीतच तो डोळे मिटून घ्यायचा. दिवसाचं रडणं यामिनीच्या वाट्याला.

ती अलीकडे बोलेनाशी झाली होती. पोरीला पाजायची, डायपर बदलायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही. सत्यजितला हे दिसत होतं. झोप नाही, दुसरं काय, म्हणून त्यानं ते बाजूला सारलं. भारतातून फोन आला की म्हणायचा, "सगळं मजेत."

जानेवारीतल्या एका सकाळी तो बूट चढवत असताना यामिनी दाराशी येऊन उभी राहिली. आत अहिल्यानं टाहो फोडला होता.

"आज नको जाऊस."

"अगं, आज क्लायंट येतोय. संध्याकाळी लवकर येतो ना."

"मला तिच्याजवळ एकटीला ठेवू नकोस. भीती वाटते."

"कसली? तिची?"

"माझी."

त्याला ऐकू आलं नाही असं नव्हे. तरी "दुपारी फोन करतो" म्हणत त्यानं दार ओढून घेतलं, काचेवरचं बर्फ खरवडलं आणि गाडी काढली. हायवेला लागल्यावर मात्र तो शब्द त्याला सोडेना. पुढच्याच एक्झिटला त्यानं गाडी वळवली.

रडणं जिन्यातूनच ऐकू येत होतं. अहिल्या पाळण्यात होती. लालबुंद, घामेजलेली, पण सुखरूप. यामिनी घरात नव्हती. ती मागच्या बाल्कनीत सापडली. अनवाणी, बर्फात, पाठीमागचं सरकतं दार लावून घेतलेलं.

"मी तिला हात नाही लावला," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "म्हणूनच बाहेर आले."

त्यानं तिला आत आणून रजईत गुंडाळलं, तिचे निळे पडलेले पाय चोळले आणि डॉक्टरांना फोन लावला. दुपारी हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, हे कधीपासून? यामिनीनं सत्यजितकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

त्यांनी तिला ठेवून घेतलं. त्या रात्री त्यानं नागपूरला खरं काय ते सांगितलं. सासूबाई रडू लागल्या.

यामिनी घरी आली ती गोळ्या घेऊन. अंगावरचं दूध बंद झालं. सत्यजितची रजा संपल्यावर वरच्या मजल्यावरच्या रत्नाकाकू दिवसा येऊन बसू लागल्या. यामिनी पोरीला मांडीवर घेई, पण खोलीत दुसरं कुणी असेल तरच.

मार्चात अहिल्या रात्रीची झोपू लागली. सत्यजितला मात्र झोप येईना. एकदा अंधारातच यामिनी म्हणाली, "त्या सकाळी तू गेलास ना."

"परत आलो ना गं."

"हो," ती म्हणाली, आणि तिनं कूस बदलली.