काय म्हणते ती?

"आता हा आवाज ऐक आणि सांग. पान की मान?"

बोलण्याचे उपचार करणाऱ्या स्वरदा मॅडमनी टेबलावर दोन चित्रं मांडली होती. एक विड्याचं पान, एक बाईची मान. मघापासून त्या तोंडापुढे वही धरून कधी पान म्हणत होत्या, कधी मान, आणि नऊ वर्षांची पायल दर वेळी बरोबर चित्रावर बोट ठेवत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची आई, जाईबाई, कौतुकानं बघत होती.

मॅडमनी मोबाइल पुढे सरकवला. आतून एका मुलीचा आवाज आला. पायलनं झटकन मानेच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हा तुझाच आवाज आहे," मॅडम म्हणाल्या. "मघाशी मी तुला पान म्हणायला सांगितलं होतं."

पायल हसली. मॅडम थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग त्यांनी तिला स्वतःचं नाव सांगायला लावलं आणि लगेच ऐकवलं.

"मायल," मोबाइल म्हणाला.

पायल दुभंगलेली टाळू घेऊन जन्मली होती. पाचव्या वर्षी पुण्यात ऑपरेशन होऊन टाळू शिवली, तेव्हा तिच्या बापानं, किसननं, माले गावभर पेढे वाटले. पण बोलताना हवा नाकातून सोडायची जुनी खोड राहिली. प चा म व्हायचा, त चा न, आणि क तर उमटतच नसे. लोकांना निम्मंही कळायचं नाही. जाईबाईला सगळं कळायचं. दुकानात, शाळेत, पैपाहुण्यांत ती पोरीच्या मागे उभी राहून तिचं बोलणं लोकांना सांगायची. दर मंगळवारी महाळुंग्याच्या सोसायटीतली झाडलोट अर्ध्यावर टाकून तिला इथं उपचाराला आणायची, आणि मॅडमनाही तिचं बोलणं तीच सांगायची.

वर्गातली पोरं "ए मायल" म्हणून चिडवायची. पायल रडत आली की जाईबाई तिचे डोळे पुसून सांगायची, "त्या पोरांचेच कान खराब हायेत. तू बराबर बोलतीस." पोरीनं शाळा सोडू नये, एवढंच तिच्या मनात. पायलनं ते खरं मानलं. मग ती त्या पोरांची कीवच करायला लागली.

आता तिनं मोबाइल स्वतःच हातात घेतला. पुन्हा लावला. आणखी एकदा लावला. मग आईकडे वळली.

"नू मनालीस, मोरांये आन अराम हायेन. नुला माईन होनं."

"काय म्हणते ती?" मॅडमनी जाईबाईला विचारलं.

जाईबाईला अक्षर न् अक्षर कळलं होतं. तू म्हणालीस पोरांचे कान खराब हायेत. तुला म्हाईत होतं.

"घरी जाऊ म्हनतीया," ती म्हणाली. "दमली."

पायल आईकडे बघतच राहिली. आई आपलं बोलणं लोकांना जसंच्या तसं सांगते, याबद्दल तिला आजवर कधी शंका आली नव्हती. तिनं पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर पाठमोरी बसली.

जाईबाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मॅडम, ती घरी जाऊ न्हाई म्हनाली." बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बोलत होती. "ती म्हनाली, पोरांचे कान खराब हायेत असं तू सांगितलंस. तुला म्हाईत होतं. एवढंच म्हनाली." मग ती म्हणाली, "माजं चुकलं. ह्ये मी म्हनतीया, तिनं न्हाई म्हनलं."

जिन्यात चपला वाजल्या. पायल उतरायला लागली होती.

मुळशीकडे जाणाऱ्या बसमध्ये ती पुढच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली. जाईबाईला मागं जागा मिळाली. कंडक्टर पायलपाशी आला.

"कुठं जायचं गं?"

जाईबाईच्या ओठांवर आलेलं उत्तर तिनं गिळलं.

"माले," पायल म्हणाली. त्या नावात तिला अडेल असं एकही अक्षर नव्हतं. कंडक्टरला लगेच कळलं.

"किती तिकिटं?"

पायलनं एक बोट वर केलं. कंडक्टरनं मागं पाहिलं. "बरोबर कोण हाय का हिच्या?"

जाईबाईनं नोट पुढं केली.

"तिचं हाफ द्या," ती म्हणाली. "माजं येगळं फाडा."