न विचारणारा वैद्य

सकाळचे सात वाजायच्या आत बंद पडलेल्या रेशीम गिरणीसमोर दोन-अडीचशे माणसं तोंड मिटून उभी होती. दक्षिण चीनमधल्या शुनदेच्या त्या तळ्यांच्या मुलखात माणसं गप्प बसवणं बदकं गप्प बसवण्याइतकंच सोपं. पण सितो वैद्यांचा नियमच तसा होता. रांगेत आधी एक वाटी चहा प्यायचा, मग मातीच्या रांजणातलं डोंगरावरचं पाणी तोंडात धरून मनात शंभर आकडे मोजायचे, पाणी गिळायचं आणि नंबर लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं तर म्हणे आतलं विष परत खाली उतरतं.

आत उंच खुर्चीवर वैद्यराज. दाढी सत्तरीची, हात चाळिशीचे.

"चांगला वैद्य नुसता बघतो," ते सांगत. "मधला ऐकतो. मठ्ठ असतो तो विचारत बसतो. आणि ज्याला काहीच येत नाही, तो मनगट धरून झोपा काढतो. मी विचारत नाही. जीभ काढा."

रोगी जीभ काढायचा आणि ती शाई प्यायल्यासारखी काळीकुट्ट असायची. वैद्यराज त्याच्यापुढे आरसा धरायचे. मग एका बशीतलं 'अमृत' जिभेवर चोळायचे, आणि सगळ्या हॉलच्या डोळ्यांदेखत काळं ओसरून जीभ बाळाच्या जिभेसारखी गुलाबी व्हायची. मागच्या बायका हात जोडायच्या.

माक पहिल्या रविवारी आला तो बायकोला घेऊन. माक चिखल-रेशमाचा रंगारी, एकतीस वर्षं एकाच कारखान्यात. कोपरापर्यंत हात काळे, नखं तर कायमचीच. काळ्या रंगातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि ते खरंही होतं.

त्याची बायको लिन-साऊ, हिला क्षय होता. इस्पितळानं सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिने झाले होते, खोकला थांबला होता, अंगावर मांस चढलं होतं. पण गोळ्यांनी मळमळायचं आणि लघवी तांबडी व्हायची. शेजारची तोफूवाली हाऊ मावशी म्हणाली, "तांबडी म्हणजे रक्तच की गं. गोळ्या आतून जाळतायत तुला." इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की हा औषधाचाच रंग आहे, घाबरू नका. पण फुकटचा सल्ला डॉक्टरांपेक्षा शेजाऱ्यांचा जास्त गुणकारी असतो, हे कुठल्या गावाला सांगायला हवं?

तिला इथं आणायचा विचार माकचा. हे त्यानं पुढं कधी कुणापासून लपवलं नाही.

लिन-साऊची जीभ काळीच निघाली, आणि आरसा धरायला माकच्याच हातात दिला गेला. वैद्यराजांनी काही विचारलं नाही. माकनंच सगळं भडाभडा सांगून टाकलं. क्षय, गोळ्या, तांबडी लघवी, मळमळ.

"मला दिसतच होतं," वैद्यराज म्हणाले. "गोळ्यांचं विष आहे. थर आहेत त्याचे. दर रविवारी एक थर काढू. गोळ्या मात्र बंद."

घरी येताना लिन-साऊनं उरलेल्या गोळ्या माशांच्या तळ्यात टाकल्या. "चला, आता माशांना तरी क्षय होणार नाही," ती म्हणाली आणि दोघं हसली.

पाच रविवार गेले. पाचही वेळा जीभ काळी झाली, पाचही वेळा गुलाबी झाली, आणि पाचही वेळा आरसा माकनं धरला. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी लिन-साऊला खोकल्याची उबळ आली आणि तोंड धुवायचं घमेलं रक्तानं अर्धं भरलं.

इस्पितळात जायला ती तयार होईना. "गोळ्या टाकल्या म्हणून रागावतील रे." म्हणून माकनं गल्लीतल्या क्वोंग आजोबांना बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा वैद्य. सितो आल्यापासून त्याच्या ओट्यावर माशा बसत होत्या. गाव त्याला 'चौकशी कचेरी' म्हणायचं, कारण तो विचारायचा फार.

आजोबांनी तिचा चेहरा बघितला, श्वासाचा वास घेतला, छातीतली घरघर ऐकली. मग सुरू झाले प्रश्न. घाम येतो का, कधी येतो, भूक किती, अंगात कणकण असते का. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "जीभ दाखव, पोरी."

जीभ फिकट होती.

"रविवारी काळी होती," माक म्हणाला.

"दाखवायच्या आधी काय प्यायली होती?"

"चहा."

"कसला?"

"तांबडा. तोंड आवळून टाकतो," लिन-साऊ म्हणाली.

"मग?"

"मग पाणी. खिळा चोखल्यासारखी चव येते त्याला."

"आणि काळं गेलं ते कशानं?"

"आंबट होतं काहीतरी. लिंबासारखं."

आजोबा आता तिच्याकडे बघत नव्हते. ते माकच्या हातांकडे बघत होते. "माक," ते म्हणाले, "हे मी सांगू की तू सांगतोस? धंदा तुझा आहे."

माकनं आपल्या काळ्या नखांकडे बघितलं. रेशमाला आधी कंदाचा रस पाजायचा, तोंडाला लागला तर तोंड आवळून टाकणारा. कापड तांबडं होतं. त्यावर नदीचा चिखल थापायचा, कारण त्या चिखलात लोखंड असतं. चिखल लागला तिथं कापड काळं होतं. आणि वाळवणाच्या मैदानात आंबट फळ आणायला सक्त मनाई, कारण लिंबाचा थेंब पडला की काळं उडतं. सोललेलं संत्रं घेऊन आली म्हणून माकनं एका बाईला कामावरून काढलं होतं. एकतीस वर्षं तो रेशमाला जे करत होता, तेच कुणीतरी त्याच्या बायकोच्या जिभेला केलं होतं, आणि हा शहाणा आरसा धरून उभा होता.

"मला कमी समजतं असं नाही," क्वोंग आजोबा उठत म्हणाले. "पण ही नाडी आता माझ्या आवाक्यातली नाही. आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने."

इस्पितळात कुणी रागावलं नाही. त्याचीच माकला जास्त भीती वाटली. बुधवारी सकाळी लिन-साऊ शुद्धीवर आली, नळ्यांमधून त्याच्याकडे बघत म्हणाली, "म्हाताऱ्या, मासे कसे आहेत?" दुपारी दुसरी उबळ आली, ती थांबली नाही. गुरुवारी माक तिची राख घेऊन घरी आला.

रविवारी तो पुन्हा रांगेत होता. चहा प्यायला, पाणी तोंडात धरलं, शंभर आकडे मोजले. नंबर आल्यावर जीभ काढली. काळी.

"बायकोला आणता आलं नाही," तो म्हणाला. "माझ्या जिभेवरून तिचं काही सांगता येईल का?"

"का नाही? नवरा-बायको एकाच ताटातलं जेवतात." वैद्यराजांनी डोळे मिटून घेतले. "खोकला उतरलाय. छाती मोकळी झालीय. काल तिनं पोटभर पेज खाल्ली. आठ दिवसांत उठून कामाला लागेल."

"गुरुवारी मी तिची राख आणली," माक म्हणाला.

वैद्यराजांचे डोळे उघडले.

माकनं खिशातून कोऱ्या पांढऱ्या रेशमाची पट्टी काढली. चहाच्या किटलीत बुडवून वर धरली, पट्टी तांबूस झाली. ती तशीच डोंगराच्या पाण्यात घातली. पाण्यातून निघाली ती करडी, हवेत हलवता हलवता काळी. मग बशीतलं अमृत त्यावर ओतलं. काळं उतरलं.

"कापडातसुद्धा विष असतं," वैद्यराज म्हणाले. एक बाई हसली. त्या हॉलमध्ये निम्मी माणसं रंगाऱ्याच्या घरची होती, प्रत्येकाची नखं माकसारखी होती, आणि सगळ्यांनीच आठवडेच्या आठवडे जिभा बाहेर काढल्या होत्या. कारखान्याचा म्हातारा मुकादम रांजणापाशी गेला, बोट बुडवून चाटलं.

"हिराकस. लोखंडाचंच मीठ," तो म्हणाला.

एवढं पुरे झालं. रंगकामाच्या चार बायकांनी वैद्यराजांचं नाक दाबून त्यांना त्यांचाच चहा पाजला आणि वर त्यांचंच पाणी. शंभर आकडे सगळ्यांनी मिळून मोजले. जीभ काळी झाली. बशी कुणी पुढे केली नाही. तसंच, जीभ बाहेर काढायला लावून, त्यांना भरबाजारातून पोलीस चौकीपर्यंत नेलं. दाढी वाटेतच निघाली.

हाऊ मावशी मात्र चिडली होती. "तर मग माझी कंबर बरी कशी झाली?"

"दर रविवारी तू इथं रांगेत असतेस, तेवढा दिवस तुझं तोफूचं जातं बंद असतं म्हणून," माक म्हणाला. "घरी बसली असतीस तरी झाली असती."

लिन-साऊच्या मनात गोळ्यांची भीती घालणारी आपणच, हे हाऊ मावशीला तेव्हा आठवलं असावं. कारण ती खाली बघून पदराला हात पुसत राहिली, आणि माकनंही तिला सोडून दिलं. तिच्यावर रागवायचा हक्क त्याला उरला नव्हता.

सितोला शिक्षा झाली, गिरणीला कुलूप लागलं. पण असे सितो सगळ्या मुलखांत असतात, आणि आपल्याला रंग माहीत असला, औषध माहीत असलं, तरी आपली जीभ बाहेर येते. तेव्हा एवढं करावं. जो तुम्हाला काही विचारत नाही, त्याला तुम्ही विचारा: हे काय पाजतोस, का पाजतोस, न पाजता दाखवशील का? आणि चालू औषध टाकण्याआधी ज्यानं दिलं त्याला जाऊन विचारा. याला शिक्षण लागत नाही, पैसे पडत नाहीत.

माकला तर उत्तर एकतीस वर्षं तोंडपाठ होतं. पाच रविवारांत त्यानं प्रश्न तेवढा विचारला नाही.